नाव कोणाचे, आवाज कोणाचा? : आभासी तारकांच्या समीक्षेचा एक इतिहास

१

मनुष्यदेह नसलेली, परंतु नाव, वय, जन्मगाव, आवडीनिवडी आणि मते असलेली एक 'व्यक्ती' निर्माण करावयाची व तिच्या द्वारा गाणी, वस्त्रे, प्रसाधने यांचा खप वाढवावयाचा, हा व्यवहार एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून जगभर स्थिरावला आहे. समाजमाध्यमांवरील अशा निर्मितींना 'व्हर्च्युअल इन्फ्लुएन्सर' म्हटले जाते. संगीताच्या क्षेत्रात त्या आभासी अथवा डिजिटल पॉप तारका म्हणून ओळखल्या जातात. अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया, चीन येथे त्यांची मोठी बाजारपेठ आहे. भारतातही २०२२ मध्ये 'कायरा' या नावाची अशी निर्मिती इन्स्टाग्रामवर अवतरली.

या निर्मितींवर टीकाही भरपूर झाली. ती बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : जे अस्तित्वातच नाही त्याच्यावर प्रेम करावयास लावणे ही फसवणूक नव्हे काय? या प्रश्नामागे ज्याँ बॉद्रिलार यांची प्रतिरूपाची मीमांसा उभी असते. मूळ नसलेली प्रतिमा हा तिचा गाभा. ही मीमांसा उपयुक्त आहे. तथापि तिच्या प्रकाशात पाहिले असता आभासी तारका ही आतून पूर्णतः रिकामी वस्तू भासू लागते. इतिहासाचा पुरावा मात्र याच्या विरुद्ध आहे. अशा प्रत्येक निर्मितीच्या आत कोणी ना कोणी गात असते, नाचत असते, बोलत असते. नवीन आहे ती माणसाची अनुपस्थिती नव्हे. गाणाऱ्या माणसापासून नाव वेगळे काढून ते कायमचे मालकाच्या स्वाधीन करण्याची सोय नवीन आहे. या दृष्टीने विचार केल्यास समीक्षेचा प्रश्न सत्यासत्यतेकडून श्रम, श्रेय आणि मालकी यांच्याकडे वळतो. प्रस्तुत निबंधात हे वळण काही साहित्यकृती व काही प्रत्यक्ष घटना यांच्या आधारे तपासावयाचे आहे.

२

कृत्रिम गायिकेची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. ई. टी. ए. हॉफमान यांच्या 'डेर झांटमान' (१८१६) या जर्मन कथेतील ऑलिंपिया ही प्राध्यापक स्पालान्झानी यांची कन्या म्हणून समाजात वावरते, समारंभात पियानो वाजविते व गाते. नथानेल हा तरुण तिच्यावर लुब्ध होतो. ती बाहुली असल्याचे त्याला उमगते ते एका भांडणातून. स्पालान्झानी आणि कोप्पोला हे दोघे तिला दोन्ही बाजूंनी ओढीत असतात. यंत्र एकाने बनविलेले, डोळे दुसऱ्याने दिलेले. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या कथेतील डोळे गमावण्याच्या भयावर भर दिला, आणि नंतरची बरीचशी समीक्षा त्याच वाटेने गेली. परंतु प्रसंगाचा साधा अर्थही विसरता कामा नये. बाहुलीचे रहस्य फुटते ते तिच्या निर्मात्यांमधील मालकीच्या वादामुळे. कोणी काय घडविले व त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न कृत्रिम स्त्रीच्या या आद्य कथेतच उपस्थित झालेला आहे.

व्हिलिये द लिल-आदाँ यांच्या 'भावी ईव्ह' या अर्थाचे शीर्षक असलेल्या फ्रेंच कादंबरीत (१८८६) हा प्रश्न अधिक टोकदार होतो. येथे एडिसन हे प्रत्यक्षातील संशोधक पात्र म्हणून येतात. फोनोग्राफचा शोध लागून त्यावेळी दशकही उलटले नव्हते. एडिसन आपल्या मित्रासाठी, लॉर्ड इवाल्ड यांच्यासाठी, हॅडली नावाची यांत्रिक स्त्री तयार करतात. तिचे रूप इवाल्डच्या प्रेयसीवरून, ॲलिसिया क्लॅरी या गायिका-अभिनेत्रीवरून, घेतलेले. तिचा आवाजही ॲलिसियाचाच, सोन्याच्या फोनोग्राफांवर साठविलेला. पुढे कळते की हॅडलीच्या ठायी आढळणारी जाणीव तिसऱ्याच एका स्त्रीची आहे. पतीच्या दुर्दैवी अंतामुळे निराधार झालेल्या व मोहनिद्रेत असलेल्या ॲनी अँडरसनची. म्हणजे ज्या 'आदर्श' कृत्रिम स्त्रीचे कौतुक कादंबरीतील पुरुष करतात, ती दोन जिवंत स्त्रियांच्या देहा-मनातून उभी राहिली आहे, आणि नाव मात्र दोघींपैकी एकीचेही नाही. या कादंबरीचा अभ्यास स्त्रीद्वेष आणि यंत्रपूजा या अंगांनी झाला आहे. त्याला जोडून असेही म्हणता येईल की आभासी तारकेच्या अर्थव्यवहाराची रचना येथे पूर्णपणे आराखडलेली आहे : आवाज एकीचा, मन दुसरीचे, नाव काल्पनिक आणि मालकी कारखानदाराची.

३

कल्पनेतील ही रचना व्यवहारात उतरली ती अमेरिकन ध्वनिमुद्रण उद्योगात. १९६६ मध्ये 'द मंकीज' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिच्यासाठी निवडलेल्या चार तरुणांनी वाद्यवृंदाची भूमिका करावयाची, गाणी मात्र व्यावसायिकांनी रचावयाची व बव्हंशी व्यावसायिक वादकांनीच वाजवावयाची, अशी व्यवस्था होती. संगीताची सूत्रे डॉन कर्श्नर यांच्याकडे होती. लोकप्रियता लाभताच हे तरुण आपले संगीत आपणच करण्याचा हट्ट धरू लागले. संघर्ष विकोपाला गेला आणि १९६७ मध्ये कर्श्नर यांना बाजूला व्हावे लागले.

त्यानंतर कर्श्नर वळले ते 'आर्ची' या चित्रकथेतील पात्रांच्या वाद्यवृंदाकडे. १९६८ मध्ये त्यांची व्यंगचित्रमालिका सुरू झाली. १९६९ मध्ये 'आर्चीज'चे 'शुगर, शुगर' हे गीत अमेरिकेतील विक्रीच्या यादीत चार आठवडे पहिल्या स्थानी राहिले. प्रत्यक्षात गाणारा होता रॉन डांटी हा स्टुडिओ-गायक. त्याच्या जोडीला टोनी वाइन ही गायिका होती. श्रोत्यांसमोर मात्र चित्रातील आर्चीच होता. चित्रातील गायक पगारवाढ मागत नाही, गाणे नाकारीत नाही, वृत्तपत्रांना मुलाखत देऊन मालकाची अडचण करीत नाही. आभासी तारकेची व्यावसायिक उपयुक्तता येथे उघड होते. तिचे आकर्षण नवलाईत असेल. तिची गरज मात्र उद्योगाला कलावंताच्या प्रतिकारामुळे भासली.

थिओडोर ॲडॉर्नो आणि मॅक्स होर्कहायमर यांनी १९४० च्या दशकात 'संस्कृती-उद्योग' ही संकल्पना मांडली, तेव्हा त्यांचे लक्ष प्रामुख्याने साचेबद्धतेवर आणि ग्राहकाच्या निष्क्रियतेवर होते. वाल्टर बेंजामिन यांनी त्याआधीच, १९३० च्या दशकात, असे निदर्शनास आणून दिले होते की चित्रपटात नटाचे तेजोवलय क्षीण होते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी भांडवल स्टुडिओबाहेर नटाचे 'व्यक्तिमत्त्व' कृत्रिमरीत्या उभारते. आभासी तारका ही या प्रक्रियेची शेवटची पायरी होय. व्यक्तिमत्त्व उभारावयाचेच असेल तर त्याला व्यक्तीचा आधार तरी कशाला हवा, असा हा हिशेब आहे.

४

संगणकीय रूपातील पॉप तारकेची घडण मुख्यतः जपानमध्ये झाली. 'मॅक्रॉस प्लस' (१९९४) या जपानी सचेतपट-मालिकेत शेरॉन ॲपल नावाची आभासी गायिका आहे. ती स्वयंपूर्ण असल्याचे जगाला सांगितले जाते. वस्तुतः तिच्या गाण्यातील भावना म्युंग ही पडद्यामागील स्त्री पुरवीत असते. १९९६ मध्ये विल्यम गिब्सन यांची 'इडोरू' ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तिच्यात एक रॉक गायक आभासी तारकेशी विवाह करू इच्छितो. त्याच वर्षी होरिप्रो या जपानी संस्थेने क्योको दाते ही संगणकनिर्मित गायिका बाजारात आणली. तिला घरदार, आईवडील, दैनंदिन नोकरी असा सविस्तर पूर्ववृत्तान्त देण्यात आला होता. आवाज आणि हालचाली अर्थातच माणसांकडून घेतलेल्या होत्या. तिला अपेक्षित यश लाभले नाही. परंतु व्यक्तिमत्त्वाच्या तपशिलांनी आवाजाच्या मूळ धनिणीला झाकून टाकण्याची रीत तेथून रूढ झाली.

या पार्श्वभूमीवर हात्सुने मिकूचे उदाहरण वेगळे ठरते. ३१ ऑगस्ट २००७ रोजी साप्पोरो येथील क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने यामाहाच्या 'व्होकलॉइड' तंत्रावर आधारित एक ध्वनिसंश्लेषक विक्रीस काढला व त्याला सोळा वर्षांच्या मुलीचे चित्ररूप दिले. साकी फुजिता या आवाज-अभिनेत्रीच्या ध्वनिमुद्रित उच्चारांवर तो आवाज बांधलेला आहे आणि ही गोष्ट आरंभापासून जाहीर आहे. मिकूची बहुतेक गाणी कंपनीने रचलेली नसून तो संश्लेषक विकत घेतलेल्या असंख्य हौशी व व्यावसायिक संगीतकारांची आहेत. या पात्राचा अव्यावसायिक वापर करण्याची मोकळीक कंपनीने चाहत्यांना दिली आणि २०१२ मध्ये मूळ चित्रांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना स्वीकारला. मिकूचे गाणे ऐकणाऱ्याला त्याचा रचनाकार कोण हे सहसा ठाऊक असते.

हे उदाहरण समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक आहे. मिकू इतर कोणत्याही आभासी तारकेइतकीच 'खोटी' आहे, तरी तिच्याविषयी फसवणुकीची भावना श्रोत्यांत उमटत नाही. कृत्रिमता हाच दोष असता तर असे घडले नसते. अर्थात क्रिप्टन ही नफ्यासाठी चालणारीच कंपनी आहे आणि तिचे उदारपण हेही व्यापाराचेच एक धोरण आहे, असा आक्षेप घेता येईल. तो मान्य करूनही भेद शिल्लक राहतो. येथे नावाच्या मागील माणसे झाकलेली नाहीत.

५

याच्या उलट प्रकार 'लिल मिकेला'च्या बाबतीत दिसतो. लॉस एंजेलिस येथील ब्रड या कंपनीची ही निर्मिती एप्रिल २०१६ मध्ये इन्स्टाग्रामवर आली. एकोणीस वर्षांची, ब्राझिलियन वंशाची अमेरिकन तरुणी असे तिचे वर्णन होते. तिचे निर्माते कोण हे बराच काळ गुलदस्त्यात होते. एप्रिल २०१८ मध्ये बर्म्युडा नावाच्या दुसऱ्या आभासी पात्राने तिचे खाते 'बळकावले' आणि ती मनुष्य नसल्याचे 'उघडकीस' आणले. त्यावर मिकेलाने आपल्या निर्मात्यांनी आपल्याला अंधारात ठेवल्याबद्दल जाहीर संताप व्यक्त केला. बर्म्युडा ही देखील त्याच कंपनीची निर्मिती होती. त्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकाने इंटरनेटवरील पंचवीस प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत मिकेलाचा समावेश केला.

मंकीजचा १९६७ चा कलह आणि मिकेलाचा २०१८ चा संताप शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. पहिल्या प्रसंगी कलावंतांनी मालकाविरुद्ध बंड केले आणि मालकाला त्याची किंमत मोजावी लागली. दुसऱ्या प्रसंगी बंडाची संहिताच मालकाने लिहिली आणि तिचे उत्पन्नही मालकालाच मिळाले. डिसेंबर २०१९ मध्ये मिकेलाच्या चित्रफितीत भाड्याच्या मोटारीतील लैंगिक अतिप्रसंगाची हकिकत तिचा 'अनुभव' म्हणून सांगण्यात आली, तेव्हा गायिका केलानी यांच्यासह अनेकांनी तीव्र निषेध केला. साहित्याच्या अभ्यासकाला येथे प्रश्न पडेल : कादंबरीतील पात्रही असा अनुभव सांगते, मग त्यात आक्षेपार्ह काय? भेद असा की कादंबरीच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते. पात्राच्या दुःखाविषयीची नैतिक जबाबदारी तो लेखक उचलतो. येथे 'मी' म्हणणारे पात्र आहे, परंतु त्याची जबाबदारी घेणारे लेखकाचे नाव नाही.

वंशाच्या संदर्भात ही अनामता अधिकच जाचक ठरते. ब्रिटिश छायाचित्रकार कॅमरन-जेम्स विल्सन यांनी २०१७ मध्ये शुडू ही कृष्णवर्णीय आभासी मॉडेल निर्माण केली. समीक्षक लॉरेन मिशेल जॅक्सन यांनी २०१८ मध्ये 'द न्यू यॉर्कर'मध्ये लिहिताना, कृष्णवर्णीय स्त्रीत्वाची ही गोऱ्या पुरुषाने रंगविलेली प्रतिमा आहे, याकडे लक्ष वेधले. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅपिटल रेकॉर्ड्सने 'एफएन मेका' या आभासी रॅपरशी करार केला. कृष्णवर्णीयांच्या बोलीचे व वेदनांचे हे विडंबन असल्याची टीका होताच अवघ्या काही दिवसांत करार मोडून कंपनीने माफी मागितली. पूर्वी या पात्राला आवाज दिलेल्या कृष्णवर्णीय रॅपरने आपणास मोबदला मिळाला नसल्याचे त्यानंतर जाहीरपणे सांगितले. प्रतिमेवरील वाद जेथे संपला, तेथून श्रमाचा प्रश्न वर आला. एरवी तो कोणाला दिसलाही नसता.

चाहत्यांनी मात्र हा प्रश्न समीक्षकांच्या आधी ओळखला, असे आशियातील दोन घटनांवरून म्हणता येते. जपानमधील किझुना आय या २०१६ पासूनच्या आभासी सादरकर्तीला २०१९ मध्ये एकाहून अधिक आवाज देण्यात आले, तेव्हा चाहत्यांनी मूळ आवाजासाठी नाराजी व्यक्त केली. २०२० मध्ये कंपनीला त्या अभिनेत्रीचे नाव प्रकट करावे लागले. चीनमधील 'ए-सोल' या पाच पात्रांच्या वृंदातील कॅरल हे पात्र 'निद्रिस्त' होत असल्याची घोषणा मे २०२२ मध्ये झाली. त्यावर चाहत्यांनी पात्रामागील कलावंतावरील कामाचा ताण व तिचा तुटपुंजा मोबदला यांविषयी गंभीर आरोप केले. कंपन्यांनी शोषणाचा आरोप नाकारला. तथापि हजारो चाहते एका अनाम स्त्रीच्या वेतनाविषयी बोलू लागले, ही घटना नोंद घेण्याजोगी आहे. पात्रावर प्रेम करणारा प्रेक्षक निष्क्रिय असतो हे ॲडॉर्नोंचे गृहीत येथे टिकत नाही.

६

नाव आणि आवाज यांची ही फारकत डिजिटल तंत्राने प्रथम घडविली असे नाही. तिचे एक अत्यंत बोलके उदाहरण भारतीय चित्रपटाच्या इतिहासात आहे. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'भाग्यचक्र' व 'धूप छाँव' या चित्रपटांपासून पार्श्वगायन रूढ होऊ लागले आणि दिसणारा देह व ऐकू येणारा कंठ वेगळे झाले. कमाल अमरोही यांच्या 'महल' (१९४९) मधील खेमचंद प्रकाश यांचे सर्वाधिक गाजलेले गीत लता मंगेशकर यांनी गायिले होते. परंतु ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव छापले गेले ते 'कामिनी'. म्हणजे मधुबालेने रंगविलेल्या पात्राचे. गाणे आकाशवाणीवरून वाजू लागल्यावर ही कोण गाते अशी विचारणा श्रोत्यांनी केली आणि तेव्हा लताबाईंचे नाव लोकांपुढे आले.

'महल'चे कथानक ठाऊक असणाऱ्यास यातील विलक्षण योग जाणवेल. चित्रपटाच्या कथेतही कामिनी अस्तित्वात नाही. माळ्याची मुलगी आशा ही कामिनीच्या अतृप्त आत्म्याचे सोंग घेऊन वावरत असते. म्हणजे ध्वनिमुद्रिकेवरील नाव कथेतल्या कथेतील एका भासाचे होते, आणि गळा एका वीस वर्षांच्या मराठी तरुणीचा होता. आजच्या आभासी पॉप तारकेची व्याख्या याहून नेमकी करता येणार नाही.

परंतु 'कामिनी' पुढे तारका झाली नाही. लता मंगेशकर झाल्या. याचे कारण तंत्रात शोधून सापडणार नाही. श्रोत्यांचे कुतूहल, आकाशवाणीची नाव सांगण्याची पद्धत आणि खुद्द गायिकेचा करारी आग्रह यांनी ते घडविले. पार्श्वगायनासाठी स्वतंत्र फिल्मफेअर पारितोषिक १९५९ मध्ये सुरू झाले, त्यामागेही त्यांचाच आग्रह होता. कायद्याने हीच वाट फार सावकाश चालली. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा. कलावंताला सादरीकरणावरील हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि श्रेयाचा नैतिक हक्क स्पष्टपणे आला तो २०१२ च्या दुरुस्तीने. गायकाच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारा केलेली नक्कल रोखणारा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या व सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने दिला. ध्वनिमुद्रिकेवरील खोट्या नावापासून यंत्राने उचललेल्या खऱ्या आवाजापर्यंतचा हा पाऊणशे वर्षांचा प्रवास एकाच प्रश्नाचा आहे.

७

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. आतापर्यंतच्या आभासी तारकांमागे निदान एक ठरावीक माणूस होता. त्याचे नाव शोधता येत होते. कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्मिलेल्या पात्रांमागे तसा कोणी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टिली नॉरवूड या संगणकनिर्मित 'अभिनेत्री'ची झुरिक येथे चर्चा झाली, तेव्हा अमेरिकन कलावंतांच्या संघटनेने नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले : अगणित कलावंतांच्या कामावर, त्यांच्या अनुमतीवाचून व मोबदल्यावाचून, हे पात्र पोसलेले आहे. हीच संघटना २०२३ मध्ये ११८ दिवस संपावर होती आणि डिजिटल प्रतिकृतींवरील नियंत्रण ही त्या संपातील एक प्रमुख मागणी होती. म्हणजे माणूस येथेही नाहीसा झालेला नाही. एकाऐवजी हजारोंच्या श्रमांचे इतके बारीक चूर्ण केले गेले आहे की त्यातून कोणाचाच चेहरा वेगळा काढता येऊ नये. हॅडलीच्या मागे दोन स्त्रिया होत्या. येथे मोजदाद अशक्य आहे. श्रेय देणे अशक्य व्हावे, हाच अशा रचनेचा व्यापारी लाभ आहे.

तथापि नाव आणि माणूस यांच्यातील दुवा न्यायव्यवस्था पुन्हा जोडू शकते, याचीही चिन्हे आहेत. दक्षिण कोरियातील 'प्लेव्ह' हा २०२३ पासूनचा पाच जणांचा आभासी वृंद असून त्यांतील चित्रपात्रांमागे प्रत्यक्ष कलावंत गातात व नाचतात. त्या पात्रांची समाजमाध्यमावर निंदानालस्ती करणाऱ्याने, पात्रे काल्पनिक असल्यामुळे कोणाचाच अपमान झाला नाही, असा बचाव केला. २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने तो अमान्य केला आणि पात्राचा अपमान हा त्यामागील माणसाचा अपमान मानून प्रत्येक कलावंतास एक लाख वॉन भरपाई देवविली. रक्कम किरकोळ आहे. निवाड्यातील तत्त्व किरकोळ नाही. पात्राला दुखविले तर माणूस दुखावतो हे मान्य केल्यास, पात्राने कमावले तर त्या माणसाचा वाटा किती, हा पुढचा प्रश्न टाळता येणार नाही.

तौलनिक साहित्याभ्यासाला या विषयात करण्याजोगे काम आहे ते येथे. पात्र, निवेदक आणि लेखक यांच्यातील भेद हा या अभ्यासशाखेचा प्राथमिक पाठ होय. संस्कृती-उद्योगाने हा भेद पुसून पात्रालाच लेखकाच्या जागी बसविले आहे, आणि 'ती खरी आहे का?' या प्रश्नात समीक्षेला गुंतवून ठेवले आहे. १९४९ साली आकाशवाणीला पत्रे लिहिणाऱ्या श्रोत्यांनी कामिनी खरी आहे काय असे विचारले नव्हते. हे गाणे कोणी गायिले, एवढेच त्यांना हवे होते. समीक्षेची सुरुवात तेवढ्या साध्या विचारणेपासून व्हावयास हवी.